घरावर सोलर, बीएलडीसी पंखे, गिझर... यातलं काही इन्कम टॅक्समधून परत मिळतं का?

वसाहतवाला:
मंडळी, जरा सल्ला पाहिजे. कोल्हापुरात साने गुरुजी वसाहतीत आमचं दोन मजली घर आहे, खाली आईबाबा आणि वर आम्ही. पोरांच्या हट्टापायी वरच्या खोलीत एसी घेतला आणि मे महिन्याचं लाइट बिल बघून बाबांचं डोकंच फिरलं, चारशेच्या वर युनिट. आता ठरवलंय की एकदाच काय ते करून टाकायचं, स्लॅबवर तीन किलोवॅटचं सोलर, जुने पंखे काढून कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे, आणि बाथरूममधला गिझर काढून सोलर वॉटर हीटर.

तर आमचा मेव्हणा अमेरिकेत न्यू जर्सीला असतो, तो फोनवर म्हणाला आम्ही घरावर सोलर बसवलं तेव्हा खर्चाच्या ३० टक्के टॅक्समधून वळते झाले, तुमच्याकडे पण काहीतरी असणारच की, विचार. म्हणून एका ओळखीच्या रिटर्न भरणाऱ्याला विचारलं तर तो म्हणतो असतंय, तुम्ही फक्त बिलं आणून द्या, रिटर्नमध्ये बसवतो, रिफंड आला की मला पाच हजार द्या. मला हे जरा खटकलं. कलम कुठलं विचारलं तर "ऐंशीमधलं आहे एक" एवढंच.

मी शिरोली एमआयडीसीत नोकरीला, वर्षाला साधारण नऊ लाख पगार. बाबा रिटायर, पेन्शन आहे. लाइट मीटर अजून आजोबांच्या नावावर, ते जाऊन बरीच वर्षं झाली. सोलरवाल्याचं कोटेशन १ लाख ९५ हजार आलंय. खरंच टॅक्समध्ये काही मिळतं का, आणि मिळत असेल तर कुणाच्या नावावर बिल घ्यायचं, माझ्या का बाबांच्या? जाणकारांनी सांगा.

हिशेबनीस:
कलम विचारल्यावर "ऐंशीमधलं एक" म्हणणाऱ्या माणसाला कागद देऊ नका, आधी हे.

आपल्या इन्कम टॅक्समध्ये घरावर सोलर बसवलं, पंखे बदलले, खिडक्या बदलल्या म्हणून पगारदार माणसाला सूट देणारं एकही कलम नाही. ८० च्या मालिकेत वीज आणि गाडी म्हटलं की लोकांना ८०ईईबी आठवतं, पण ते इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जावरच्या व्याजाचं होतं, आणि त्यालाही ते कर्ज एप्रिल २०१९ ते मार्च २०२३ या काळात मंजूर झालेलं असायला लागतंय. सोलरचा त्याच्याशी काही संबंध नाही.

आणि तुमच्या बाबतीत गंमत अशी की सूट असती तरी तुम्हाला तिचा उपयोग शून्य. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला रिबेट आहे, पगारदाराला वर ७५ हजार स्टँडर्ड डिडक्शन. नऊ लाख पगार म्हणजे तुमचा टॅक्स आधीच शून्य. मग तो माणूस रिफंड कशाचा आणणार? कंपनीने टीडीएस कापला असेल तर तो तसाही परत येणारच, सोलरचं बिल असू दे का नसू दे. म्हणजे तुमचेच पैसे तुम्हाला मिळवून देऊन वर पाच हजार घेणार. आणि जुनी प्रणाली निवडून कुठल्यातरी खोट्या वजावटीत ती रक्कम घातली तर ते चुकीची माहिती देणं होतं, कलम २७०ए खाली बुडवलेल्या कराच्या २०० टक्के दंड बसू शकतो, आणि नोटीस त्या माणसाला नाही, तुमच्या पॅनवर येते. त्याचा फोन तोवर स्विच ऑफ.

एक जागा आहे जिथं लोकांचा घोळ होतो, ते पण सांगतो. घराच्या दुरुस्तीसाठी कर्ज काढलं तर कलम २४(बी) मध्ये व्याजाची वजावट आहे, स्वतः राहत्या घराला वर्षाला ३० हजारांपर्यंत, आणि ती २ लाखांच्या एकूण मर्यादेच्या आतच. पण ती फक्त जुन्या प्रणालीत. नव्या प्रणालीत राहत्या घराच्या व्याजाला काही नाही. शिवाय कलमात शब्द दुरुस्ती, नूतनीकरण, पुनर्बांधणी असे आहेत, सोलरसाठी बँकेने वेगळं सोलर लोन दिलं आणि तुम्ही ते दुरुस्ती म्हणून दाखवलं तर वाद ओढवून घ्याल, माझं मत विचाराल तर त्या वाटेला जाऊ नका. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा २०२५ लागू, त्यात कलमांचे नंबर बदललेत (मी वर दिलेले जुन्या कायद्यातले), त्यामुळे जुने व्हॉट्सॅप फॉरवर्ड बघून कुणी नंबर सांगायला लागलं तर जास्तच सावध.

सरकारी पैसा आहे, पण तो टॅक्समधून येत नाही, थेट बँकेत येतो. त्यावर इथं ज्यांनी करून घेतलंय ते सांगतील.

एडिसनकर_कोल्हापुरी:
तुमच्या मेव्हण्याचं खरं आहे, मी पण त्याच राज्यात, मूळचा शिवाजी पेठेतला. पण ती गोष्ट आता जुनी झाली, ते त्याला विचारा.

इकडं दोन वेगळी टॅक्स क्रेडिट, म्हणजे थेट टॅक्समधून वजा होणाऱ्या रकमा, होती. एक सोलरचं, २५डी, एकूण खर्चाच्या ३० टक्के, वर मर्यादा नाही, आणि यंदाच्या टॅक्सपेक्षा क्रेडिट जास्त झालं तर उरलेलं पुढच्या वर्षाला ढकलता यायचं. दुसरं २५सी, ते खिडक्या, दारं, इन्सुलेशन वगैरेला, ३० टक्केच पण वर्षाला १२०० डॉलरची मर्यादा, त्यात खिडक्यांना ६०० पर्यंत, हीट पंपाला वेगळे २००० पर्यंत. यातलं उरलेलं पुढं ढकलता येत नव्हतं, म्हणून लोक एका वर्षी खिडक्या आणि पुढच्या वर्षी दारं असं मुद्दाम वाटून करायचे. दोन्हींना फॉर्म ५६९५. आणि दोन्हीत रोख परतावा नाही, तुमचा टॅक्स जेवढा असेल तेवढाच कमी होणार, टॅक्स शून्य तर क्रेडिटही हातात शून्य. म्हणजे हिशेबनीस जे म्हणाले ते इकडंही तसंच.

जुलै २०२५ मध्ये नवा कायदा झाला आणि दोन्ही क्रेडिट ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. मूळ कायद्याप्रमाणे सोलरचं २०३२ पर्यंत पूर्ण ३० टक्क्यांनी चालणार होतं. आमच्या कॉलनीत नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये एवढी घाई उडाली की विचारू नका, कारण नुसते पैसे भरून चालत नव्हतं, काम पूर्ण व्हायला पाहिजे होतं. ज्यांचं पॅनेल ३१ तारखेआधी लागलं त्यांनी २०२५ च्या रिटर्नमध्ये क्लेम केलं, ज्यांचं परमिट अडकलं ते बसले हात चोळत. ज्यांनी आधीच्या वर्षांत बसवून क्लेम करायचं विसरलं त्यांना साधारण तीन वर्षांच्या आत सुधारित रिटर्न भरून घेता येतं, तुमच्या मेव्हण्याने खिडक्या वगैरे बदलल्या असतील आणि दाखवल्या नसतील तर त्याला एवढं जरूर सांगा.

आता इकडं नाही आणि तिकडं सबसिडी आहे, म्हणजे ह्या बाबतीत कोल्हापूर पुढं आणि आम्ही मागं, काय सांगायचं 😄

तांबडा_पांढरा:
भावा मी फुलेवाडीत गेल्या वर्षी ३ किलोवॅट बसवलंय, सगळं चक्कर मारून झालंय, ऐक.

पीएम सूर्यघर योजना, फेब्रुवारी २०२४ ला आली. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे दोनला ६० आणि तीनला ७८ हजार. तीनच्या पुढं पाच बसव का दहा बसव, ७८ च. तुझ्या कोटेशनमधनं वजा केलं तर १ लाख १७ हजार पडतंय. आणि ही सबसिडी तुझ्या खात्यावर येते, सोलरवाल्याच्या न्हाई. त्यामुळं कुणी "सबसिडी आमच्याकडंच येते, तुम्ही उरलेले द्या" म्हणलं तर त्याला लांबनंच नमस्कार कर. माझ्याकडं आलेला पहिला एजंट असाच, नाव कशाला घ्यायचं, पोर्टलवर माझा मोबाइल न टाकता स्वतःचा टाकून बसला होता म्हणजे ओटीपी सगळे त्याच्याकडं. मी वेळेत बघितलं म्हणून बरं.

तुझं खरं दुखणं टॅक्स न्हाईच, मीटर आहे. आजोबांच्या नावावर मीटर असेल तर आधी ते बदल, बाकी सगळं नंतर. अर्ज ग्राहक क्रमांकावर होतो, आणि सबसिडी ज्याच्या नावावर कनेक्शन त्याच्याच बँक खात्यात पडणार. गेलेल्या माणसाच्या खात्यात कशी पडंल? मृत्यूचा दाखला, घराचा कागद (प्रॉपर्टी कार्ड किंवा घरफाळ्याची पावती), आणि आत्या-काका असतील तर त्यांचं ना हरकत, एवढं घेऊन महावितरणकडं नावबदलाचा अर्ज टाक, ऑनलाइन पण होतो. आमच्यात आत्याची सही घ्यायला बेळगावला जायला लागलं, गेलो ते कुंदा खाऊन आलो. नाव करताना बिलावरचं, आधारवरचं आणि पासबुकावरचं स्पेलिंग एकच ठेव रावं, तिथंच लई लोकांची सबसिडी अडकलीया.

मग पोर्टलवर अर्ज, १० किलोवॅटपर्यंत तांत्रिक मंजुरी आपोआप धरली जाते. तिथल्या यादीतलाच विक्रेता घ्यायचा. पॅनेल डीसीआर म्हणजे भारतात बनलेल्या सेलचेच पाहिजेत, बिगर डीसीआर स्वस्त मिळतात पण सबसिडी गेली म्हणून समज. पॅनेलचे सिरियल नंबर वर चढवतात, त्यामुळं तिथं हातचलाखी चालत न्हाई. बसवून झालं की नेट मीटर (घेतलेली आणि लाइनला दिलेली वीज मोजणारा), मग महावितरणची तपासणी, मग कमिशनिंग रिपोर्ट म्हणजे सिस्टिम चालू झाल्याचा दाखला, आणि त्यानंतर तू बँक डिटेल टाकायचं. माझी महिन्याच्या आत आली.

आणि हो, "ट्रान्सफॉर्मरचा खर्च तुमच्यावर" असं कुणी म्हणलं तर ऐकू नको. ५ किलोवॅटपर्यंत लाइनचं काय वाढवायचं असेल ते वितरण कंपनीनं स्वतःच्या खर्चानं करायचं असा केंद्राचा नियम आहे, २०२४ चा.

कर्ज पाहिजे असेल तर सरकारी बँका ३ किलोवॅटपर्यंत २ लाखांपर्यंत विनातारण देतात, जनसमर्थ पोर्टलवरनं. मी घेतलं न्हाई, सोसायटीतलं डिपॉझिट मोडलं.

वसाहतवाला:
हिशेबनीस साहेब, एडिसनकर, तांबडा पांढरा, मनापासून आभार. त्या रिटर्नवाल्याला आजच नाही म्हणून टाकतो.

मीटर बाबांच्या नावावर करायला घेतो, एक काका इचलकरंजीला आहेत, सही देतील. आता दोन शंका. एक, ही ७८ हजारांची सबसिडी बाबांच्या खात्यावर आली तर ती त्यांचं उत्पन्न म्हणून धरतात का? त्यांना पेन्शनवर टॅक्स येत नाही, पण ते जाम घाबरतात, "खात्यावर पैसे आले की नोटीस येते" असं त्यांच्या कट्ट्यावर कुणीतरी सांगितलंय. दुसरं, आई म्हणते सगळी गच्ची पॅनेलनी भरली तर चटणीच्या मिरच्या कुठं वाळवायच्या? हा प्रश्न घरात टॅक्सपेक्षा मोठा झालाय, हसू नका.

हिशेबनीस:
बाबांना सांगा निवांत झोपा. २०१५ मध्ये कायद्यात सबसिडीला उत्पन्न म्हणणारं एक पोटकलम आलं तेव्हा गॅस सबसिडीवर पण टॅक्स लागणार अशी बोंब उठली होती, त्यावर आयकर खात्याच्या मंडळाने मे २०१५ मध्ये खुलासा केला की व्यक्तीला घरगुती कामासाठी मिळणाऱ्या गॅस सबसिडीला आणि तशा कल्याणकारी सबसिड्यांना ते लागू नाही. घरावरच्या सोलरची सबसिडी त्याच जातीची. फक्त मंजुरीचा मेसेज, बिल आणि कमिशनिंग रिपोर्ट फाइलला लावून ठेवा.

बिलं जपायचं अजून एक कारण आहे जे कुणी सांगत नाही. उद्या पंधरा वर्षांनी घर विकलंत तर भांडवली नफ्यात घराच्या सुधारणेचा खर्च खरेदी किमतीत मिळवता येतो. वरचा मजला चढवला, खिडक्या बदलल्या, छताला कायमस्वरूपी इन्सुलेशन केलं, असा जो खर्च घराला चिकटला तो. सबसिडी वजा करून जेवढा स्वतःच्या खिशातून गेला तेवढाच दाखवायचा. पंखे, एसी यात येत नाहीत, त्या उचलून नेता येतात. आणि रोखीत, कच्च्या पावतीवर केलेल्या खर्चाला काही किंमत नाही, जीएसटी बिलच घ्या. जीएसटी चुकवून पाच-सात हजार वाचवायचा मोह होतो सगळ्यांना, पण सोलर सिस्टिमचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झालाय, सोलर वॉटर हीटरचाही. पूर्ण सिस्टिमला ७० टक्के रकमेवर ५ आणि ३० टक्के रकमेवर १८ असा धरून साधारण ८.९ टक्के पडतो, आधी १३.८ पडायचा. तुमच्या कोटेशनवर जुना दर लावलाय का ते बघा, अजून बऱ्याच जणांचा एक्सेलचा फॉरमॅट बदललेला नाही.

कुंभारगल्ली:
मिरच्यांचा प्रश्न आमच्या घरी पण झाला. उपाय सोपा आहे, स्ट्रक्चर उंच करून घ्या, खालून माणूस ताठ चालेल एवढं, म्हणजे आठ फूट. थोडे पैसे जास्त लागतात पण खाली सावलीत शेवया पापड होतात आणि मिरच्यांना गच्चीची दक्षिणेकडची कडा मोकळी सोडा. सोलरवाला तुम्हाला दोन फुटी स्ट्रक्चरच गळ्यात मारायला बघणार, कारण त्याचं लोखंड वाचतं. उंच केलं की वारं जास्त लागतं, म्हणून पायाचे काँक्रीटचे ठोकळे जड पाहिजेत आणि जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप जाड. स्लॅबला भोकं पाडू देऊ नका, आपल्याकडच्या पावसात त्या भोकातून पाणी शिरलं की खालच्या खोलीला ओल येणार म्हणजे येणारच.

दुसरं आणि महत्त्वाचं, इन्व्हर्टर कुठं लावणार ते आधी ठरवा. तुमची वसाहत उंचावर आहे म्हणून तुम्हाला चिंता नाही, पण इथं शाहूपुरी, दुधाळी, नागाळा पार्क, उलपे मळ्याकडचे लोक वाचत असतील तर त्यांच्यासाठी लिहितोय. आमच्या गल्लीत २०१९ च्या महापुरात तळमजला पाण्यात होता, २०२१ ला परत. शेजाऱ्यांनी नंतर सोलर बसवलं तर तो वायरमन इन्व्हर्टर जिन्याखाली मीटरशेजारी लावून मोकळा होत होता, केबल कमी लागते म्हणून. पंचगंगेने मच्छिंद्री केली, म्हणजे मोठा पूर आला, की ते यंत्र पाण्यात. मी मध्ये पडून पहिल्या मजल्याच्या जिन्याच्या वळणावर लावायला लावलं. केबल थोडी वाढली, पण यंत्र वाचलं तर पुढचं सगळं वाचलं.

शंकेखोर:
सगळे सोलर सोलर करायलाय, पण प्रश्नकर्त्याने आधी पंखे बदलावेत असं माझं स्पष्ट मत आहे, आणि त्याला ना अर्ज ना सबसिडी.

साधा जुना पंखा ७५ वॉटच्या आसपास खातो, बीएलडीसी ३० च्या आसपास. घरात पाच पंखे रोज दहा तास फिरले तर महिन्याला साठ-सत्तर युनिट वाचतात. आणि हे युनिट बिलातल्या वरच्या, महागड्या टप्प्यातले वाचतात हे लक्षात घ्या. महावितरणच्या बिलात पहिल्या १०० युनिटच्या वीज आकारापेक्षा १०१ ते ३०० चा दर दुपटीहून जास्त आहे, ३०० च्या वर अजून चढा. तुमचं चारशे युनिट बिल आहे म्हणजे वाचणारं प्रत्येक युनिट सगळ्यात महागातलं. १ जानेवारी २०२३ पासून पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं झालंय, पाच स्टार बघून घ्या, दुकानदार "एनर्जी सेव्हर" छापलेला साधाच पंखा देतो.

गिझर पण तसाच. दोन किलोवॅटचा गिझर दिवसात दीड तास चालला तर महिन्याचे ९० युनिट. सोलर वॉटर हीटर छान, पण त्याची केंद्राची सबसिडी केव्हाच बंद झाली, ती आहे म्हणून कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. बोअरचं पाणी असेल तर तांब्याच्या नळ्यांच्या पॅनेलमध्ये क्षार बसतो, काचेच्या नळ्यांचा घ्या. आणि जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडं सूर्य दिसतोय कुठं, तेव्हा बॅकअप लागणारच, म्हणून जुना गिझर विकू नका, लाइनमध्ये ठेवा.

हे दोन करून मग बिल बघा. कदाचित तीनऐवजी दोन किलोवॅटमध्ये भागेल.

तांबडा_पांढरा:
शंकेखोर भाऊंचं पंख्याचं पटतंय, पण दोन किलोवॅटचं न्हाई. तिसऱ्या किलोवॅटचे १८ हजार आत्ता सोडायचे आणि पुढं पोरं मोठी झाल्यावर दुसरा एसी, इलेक्ट्रिक स्कूटर आली की परत हात वर करायचे. एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट धर, तीनला १२, महिन्याला ३५०-३६०. पावसाळ्यात निम्मं पण पडत न्हाई कधी कधी, मार्च-एप्रिलला बक्कळ. जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात जातात, पण आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपलं की शिल्लक हिशेबातनं जाते आणि त्याला जो दर मिळतो तो किरकोळ. म्हणून लई मोठं पण बसवू नका. मला विचारशील तर तुझ्या घराला तीन बरोबर.

आणि बिल शून्य येणार म्हणून कुणी सांगत असंल तर ते पण अर्धं खरं. स्थिर आकार येणारच.

वसाहतवाला:
लाइट गेली की सोलरवर घर चालतं का? बाबांना तेच पाहिजे, वादळात आमच्याकडं फांद्या पडून तास तास लाइट जाते.

कुंभारगल्ली:
नाही चालत, आणि हे विकणारा स्वतःहून कधीच सांगत नाही. ऑनग्रीड (महावितरणच्या लाइनला जोडलेला) इन्व्हर्टर लाइन गेली की आपोआप बंद होतो, कारण तुमच्या छतावरची वीज उलटी लाइनमध्ये गेली तर खांबावर चढलेला वायरमन जिवाला मुकेल. भर उन्हात लाइट गेली तरी पंखा बंद. ज्यांना पाहिजे ते हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी घेतात, पण तिथं खर्च एकदम वाढतो आणि बॅटरीला सबसिडी नाही. घरात आधीचा साधा इन्व्हर्टर-बॅटरी असेल तर तोच राहू द्या, दोन पंखे आणि ट्यूब चालते तेवढ्यावर.

उद्यमनगरचा_लेथवाला:
थोडं विषयाला सोडून, पण इथं बरेच कारखानदार वाचत असतील म्हणून. टॅक्समधून सोलरला खरा फायदा घरवाल्याला नाही, धंदेवाल्याला आहे. शेडवर सोलर बसवलं तर घसारा वर्षाला ४० टक्के मिळतो, निम्म्या वर्षापेक्षा कमी वापर झाला तर त्या वर्षी २०. पूर्वी ८० होता, तो गेला. पण औद्योगिक कनेक्शनला सूर्यघरची सबसिडी नाही. आमच्याकडं एकानं हुशारी केली, घर आणि वर्कशॉप एकाच आवारात, घरगुती मीटरवर सबसिडी घेऊन पॅनेल बसवलं आणि ताळेबंदात धंद्याचं म्हणून घसारा पण लावायला निघाला. सीएने हात जोडले. दोन्हीकडनं खायचं जमत नाही, सबसिडीची रक्कम तर खरेदी किमतीतून वजाच करायला लागते.

रंकाळा_टॉवर:
फ्लॅटवाल्यांचं काय? आमची पार्किंगवर चार मजल्यांची इमारत, गच्ची सगळ्यांची. लिफ्ट आणि पंपाचं बिल वाढत चाललंय.

तांबडा_पांढरा:
सोसायटीला वेगळा दर आहे, सामाईक वापरासाठी किलोवॅटला १८ हजार, ५०० किलोवॅटपर्यंत, त्यात घरामागं तीन किलोवॅट अशी मर्यादा. कनेक्शन सोसायटीच्या नावाचं पाहिजे. आमच्या मेव्हण्याच्या अपार्टमेंटमध्ये कनेक्शन अजून बिल्डरच्या नावावर, आणि बिल्डर फोन उचलत न्हाई. म्हणजे परत तेच नाव बदलायचं लफडं. आधी सर्वसाधारण सभेत ठराव करा, पाण्याच्या टाकीची सावली कुठं पडते ते डिसेंबरात बघा, तेव्हा सूर्य खाली असतो आणि सावली सगळ्यात लांब.

शंकेखोर:
घरफाळ्यात काही सूट आहे का ते कुणी बोललं नाही. पुण्यात महापालिका सोलर, गांडूळ खत, पावसाचं पाणी साठवणं यातल्या एका गोष्टीला ५ आणि दोन किंवा जास्त असतील तर १० टक्के सूट देते, सर्वसाधारण करात. माझा भाऊ कोथरूडला आहे, त्याला मिळते.

हिशेबनीस:
चांगला मुद्दा. ही सूट प्रत्येक महापालिका आपापल्या ठरावाने देते, पुण्याचं प्रमाण दाखवून इथं भांडता येत नाही. वसाहतवाले, सोलर चालू झालं की कमिशनिंग रिपोर्ट आणि फोटो घेऊन महापालिकेच्या घरफाळा विभागात लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि चालू वर्षाच्या बिलाआधी द्या, बिल निघाल्यावर मागचं कुणी बदलून देत नाही. पाचगाव, उचगाव, कळंब्याकडचे लोक ग्रामपंचायतीत असतील तर त्यांनी घरपट्टीसाठी ग्रामपंचायतीत विचारायचं.

आणि महिन्याला १०० युनिटच्या आत बिल असणाऱ्यांनी तीन किलोवॅटच्या मागं लागू नका, राज्य सरकारने २०२५ मध्ये स्मार्ट नावाची योजना आणलीय, एक किलोवॅटला केंद्राच्या ३० हजारांवर राज्याचे वेगळे पैसे मिळतात, दारिद्र्यरेषेखालच्यांना सगळ्यात जास्त. वसाहतवाल्यांना ती लागू नाही, चारशे युनिट आहेत म्हणून, पण कामवाल्या मावशी, वॉचमन यांना सांगा, त्यांच्यापर्यंत हे पोचत नाही.

वसाहतवाला:
इचलकरंजीचे काका रविवारी येतायत सही करायला. सोलरवाल्याला फोन करून दोन गोष्टी विचारल्या, पॅनेल डीसीआर आहेत का आणि जीएसटी कुठल्या दराने धरलाय. डीसीआर आहे म्हणाला, जीएसटीवर "बघून सांगतो". आठ फुटी स्ट्रक्चरचे किती जास्त विचारलं तर वर पंधरा हजार म्हणतोय, हे बरोबर आहे का?

कुंभारगल्ली:
सहा पॅनेलला पंधरा जरा जास्त वाटतायत, पण जीआयचा पाइप किती जाडीचा देतोय त्यावर आहे. जाडी मिलिमीटरमध्ये कोटेशनवर लिहून घ्या आणि माल उतरल्यावर गॅल्वनायझिंग बघा, नुसता चंदेरी रंग मारलेला पाइप दोन पावसाळ्यांत गंजतो. जीएसटीचा फरक निघाला की त्यातच बरेचसे भागतील, आधी तो आकडा येऊ द्या मग घासाघीस करा. पाच वर्षं देखभाल मोफत द्यायची असते योजनेत, ती पण त्याच कागदावर घ्या.